पोटगी उतरवण्याचे सोपे धडे (अक्कलकोट रोड आवृत्ती)

हे धडे कोणासाठी

फारकत झाली, लेकरू आईकडे आहे, कोर्टाने महिन्याची पोटगी बांधून दिली आहे आणि आता खिशात पूर्वीइतके पैसे येत नाहीत, अशा बापमंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांच्या खिशात पैसे येतात, पण ते कोर्टाच्या नजरेस पडू नयेत अशी ज्यांची मनोमन इच्छा आहे, त्यांनीही वाचायला हरकत नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत दोन्ही प्रकारचे उमेदवार एकाच टपरीच्या एकाच बाकावर बसतात आणि दोघेही एकच वाक्य म्हणतात, "सध्या लई मंदी आहे बे." ते कुणाच्या तोंडी खरं आणि कुणाच्या तोंडी पाठ केलेलं, हे ओळखायचं काम कोर्टाचं. कोर्ट ते कसं ओळखतं एवढं कळलं, की निम्मा अभ्यासक्रम संपला.

मंदीचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. सुताचा भाव चढला, परदेशची ऑर्डर लांबली, तयार टॉवेलांचे गठ्ठे कारखान्यातच पडून राहिले, की मालक दोन पाळ्यांची एक करतो. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा तर मंदीचा पुरावा वर्तमानपत्रातून कात्रीने कापून घ्यायची सोय झाली. कात्रण जरूर जपून ठेवा. फक्त त्यात तुमचं नाव आणि तुमचा पगार छापलेला नाही, हेही ध्यानात असू द्या.

साहित्य

मूळ आदेशाची नक्कल. (बहुतेकांनी ती एकदाही वाचलेली नसते. पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या अल्बमखाली बघा.)

गेल्या तीन वर्षांची बँक पासबुकं. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड. असल्यास पीएफचा नंबर.

एक मालक, चहाला हाक मारण्याइतका ओळखीचा.

एक मित्र, ज्याच्या मेहुण्याची केस "एका तारखेत" निघाली होती.

मोबाईल. हा नाही आणला तरी चालेल. त्यातलं बरंचसं समोरची बाजू छापून आणणार आहे.

धडा पहिला: काहीच न करणे

सगळ्यात लोकप्रिय पद्धत हीच, कारण हिला वकील लागत नाही. कृती अशी. समजा, १८ हजार मिळत होते तेव्हा कोर्टाने मुलीला ६ हजार बांधून दिले. आता हातात ११ येतात. मग आपणच त्रैराशिक मांडायचं, उत्तर सोयीने खाली ओढायचं आणि ३ हजार पाठवायचे. दोन महिन्यांनी दीड. पुढे गणपतीत ५०० आणि दिवाळीला एक फ्रॉक. फ्रॉकची पावती मात्र जपून ठेवायची.

या पद्धतीत एकच अडचण आहे. वीज गेली की माग थांबतो, आदेश थांबत नाही. तुमचा पगार उतरला हे आदेशाला कुणीतरी अर्ज करून सांगावं लागतं. तोवर महिन्याचे ६ हजार चढतच राहतात. फ्रॉक ही बापाची हौस झाली, ती पोटगीत जमा होत नाही. १४ महिने एक रुपयाही दिला नाहीत, तर ८४ हजारांची बाकी होते. मग तिकडून वसुलीचा अर्ज येतो, अर्जामागे वॉरंट येतं आणि कारखान्याच्या गेटवर शिपायाने तुमचं नाव विचारलं की अख्ख्या पाळीला तुमची कौटुंबिक माहिती मिळते.

टपरीवरचा अनुभवी मित्र इथे दोन सल्ले देतो. पहिला असा, "जाऊन बसायचं महिनाभर आत, बाकी फिटते." फिटत नाही. प्रत्येक थकलेल्या महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते हे खरं, पण ती वसुलीसाठी दिलेला दाब आहे, परतफेड नव्हे. कुलदीप कौर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९८८ सालीच सांगून ठेवलं आहे. बाहेर आल्यावर ८४ हजार तुमची वाट बघत उभे असतात. दुसरा सल्ला असा, "वर्षभर दम धर, जुनी बाकी बुडते." वर्षाची मुदत आहे ती वॉरंटासाठी अर्ज करण्याची. त्याने मूळ हक्क संपत नाही, असं पूनगोडी खटल्यात २०१३ साली सांगून झालं आहे. मित्राच्या मेहुण्याची केस एका तारखेत निघाली होती ती कशी, हे एकदा खोदून विचारा. बहुधा ती पोटगीची नसून मोटारसायकलच्या पावतीची होती.

धडा दुसरा: मालकाची चिठ्ठी

आता पुरावा तयार करू. मजुरी मालावर, पगार बराचसा रोख, हिशेब मालकाच्या वहीत. अशा ठिकाणी मालकाच्या सहीचा कागद म्हणजे ब्रह्मवाक्य, असा समज आहे. म्हणून कारखान्याच्या लेटरहेडवर "सदर इसम आमचेकडे दरमहा रु. ७,०००/- वर काम करतो" असं लिहून मागायचं.

मालक आधी चहा मागवतो. मग चष्मा लावून तुमचा मसुदा वाचतो. मग चहा अर्धा ठेवून उठतो. कारण तुम्हाला वाटतं तुम्ही स्वतःचं उत्पन्न कमी दाखवताय, आणि त्याला दिसतं की किमान वेतनापेक्षा कमी पगार देत असल्याचा कबुलीजबाब तो स्वतःच्या लेटरहेडवर, स्वतःच्या शिक्क्यानिशी कोर्टात पाठवतोय. तुमच्या पोटगीतले ३ हजार वाचवायला तो कामगार खात्याचा माणूस गेटवर बोलावणार नाही. तुमच्या मैत्रीचा भाव त्या क्षणी नेमका कळतो, तेवढा या धड्याचा फायदा.

एखादा दिलदार मालक सही करतोही. त्यावर तिकडचा वकील ईएसआयचा उतारा मागवतो, त्यात वर्गणी कापताना दाखवलेला पगार महिनावार छापलेला असतो. चिठ्ठीत ७ आणि उताऱ्यात १४. यातलं एक खोटं, आणि दोन्ही आकडे त्याच मालकाने दिलेले.

उचलीचंही सांगून ठेवतो. "मालकाकडून लग्नासाठी ५० हजार उचलले होते, ते कापून हातात साडेसहाच येतात" हा हिशेब इथल्या कुठल्याही कारखान्यात मान्य होईल, कोर्टात होणार नाही. पीएफ, कर अशा सक्तीच्या कपाती कोर्ट वजा धरतं. उचल, भिशी, मोबाईलचा हप्ता, गाडीचा हप्ता हे तुम्ही आपणहून ओढवून घेतलेलं असतं. आधी मालकाची फेड आणि उरलं तर लेकराचं दूध, हा क्रम तुमचा आहे. कोर्टाने तो कधी लावून दिला नव्हता.

धडा तिसरा: काम सोडणे

काही उमेदवार धाडसी असतात. पगारच नको, म्हणजे पोटगीचा प्रश्नच मिटला, असा त्यांचा विचार. कृती सोपी. सोमवारी कामाला जायचं बंद करायचं, मंगळवारी अर्ज टाकायचा, "सबब मी बेरोजगार आहे."

इथे कोर्टाची एक जुनी खोड आड येते. ते तुमच्याकडे बघतं. हात-पाय शाबूत, वय चाळिशीच्या आत, वीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. धडधाकट माणसाने अंगमेहनत करावी, पण बायकोलेकरांना पोसावं, हे सर्वोच्च न्यायालय पुन्हा पुन्हा सांगत आलं आहे. अंजू गर्ग यांच्या खटल्यात २०२२ साली पुन्हा सांगितलं. म्हणजे तुम्ही काय कमावता याबरोबर तुम्ही काय कमावू शकता, हेही मोजलं जातं. तुम्ही शून्य लिहिलंत तर निदान किमान वेतन तरी मिळत असेलच, असं धरून हिशेब होऊ शकतो. शून्य सिद्ध करण्यासाठी सोडलेल्या नोकरीचा पगार गेला तो गेलाच.

धडा चौथा: प्रतिज्ञापत्र भरणे

या विषयातला सगळ्यात नावाजलेला खटला आपल्या महाराष्ट्रातला, नागपूरचा. तिथल्या कुटुंब न्यायालयाने ऑगस्ट २०१३मध्ये पत्नीला महिना १५ हजार आणि मुलाला ५ हजार, सप्टेंबर २०१५पासून १० हजार, अशी अंतरिम पोटगी दिली. नवऱ्याने आदेशाला आधी उच्च न्यायालयात आणि मग दिल्लीला आव्हान दिलं. सध्या हाताला काम नाही, असंही त्याचं म्हणणं होतं. 'रजनेश विरुद्ध नेहा' या नावाने तो निकाल ४ नोव्हेंबर २०२० रोजी लागला. नागपूरचा आदेश कायम राहिला, बाकी भरायला लागली आणि जाता जाता देशभरच्या सगळ्या उमेदवारांच्या हाती एक फॉर्म पडला. आता पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्तेचं आणि देण्याघेण्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे, त्यामुळे "गावाकडची जमीन यात येत नाही" ही पळवाटही बुजली.

फॉर्म टपरीच्या बाकावर पसरून बसलेला उमेदवार बघण्यासारखा असतो. पहिली पानं तो झपाझप भरतो. दागिने, नाही. शेअर, नाही. वाहन, भावाच्या नावावर. बँक खाती, एक. (दुसरं आहे, पण त्याचं पासबुक मेव्हण्याकडे असल्यामुळे ते मोजत नाहीत.) मग मुलांचं पान येतं. नाव, वय, ताबा कोणाकडे, शिक्षणाचा खर्च, औषधपाणी. उमेदवाराचं पेन थांबतं. इयत्ता? पाचवी लिहितो, खोडतो. बहिणीला फोन लावतो. बहीण म्हणते, "दादा, सातवीत गेली की ती. चष्मा लागलाय, माहीत नाही का?" चष्म्याला किती पडले आणि कुणी भरले, हे विचारायचं त्याच्या ओठावर येतं. पुढचा रकाना नेमका त्याचाच आहे. तो फॉर्मची घडी घालतो आणि टपरीवाल्याला म्हणतो, "हे पान वकिलाला विचारून भरू."

सूचना: वकिलालाही माहीत नसतं. आणि खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याबद्दल फौजदारी कारवाई होऊ शकते, ती सही करणाऱ्यावर होते, पेन देणाऱ्यावर नाही.

धडा पाचवा: उलटतपास

सरावासाठी एक नमुना देतो. आरशासमोर उभं राहून म्हणावा.

"तुमचं मासिक उत्पन्न ७ हजार?"

"होय साहेब."

"दर महिन्याच्या १० तारखेला तुमच्या खात्यातून ५ हजार भिशीला जातात?"

"ते मित्राचे पैसे, साहेब."

"मित्राचे पैसे, तुमच्या खात्यातून, तुमच्या नावाच्या भिशीत?"

"त्याच्या फोनला रेंज नसते, साहेब."

"बुलेट कोणाची?"

"भावाची."

"भाऊ कुठे असतो?"

"पुण्याला."

"मग सोलापुरात पेट्रोल कोण भरतं?"

"...गाडी उभीच असते, साहेब."

"गड्ड्याच्या जत्रेतला हा फोटो. हुरडा पार्टीचा हा व्हिडिओ. यात तुम्हीच आहात?"

"मी हुरडा फक्त भाजत होतो, साहेब."

एवढ्यावर बहुतेक सराव थांबतो. सात हजारांत पाच हजारांची भिशी लावून उरलेल्या दोन हजारांत बुलेट चालवणारा माणूस कोर्टाला कारकून म्हणून ठेवायला आवडेल, पण त्याची पोटगी ते उतरवणार नाही. उत्पन्न कागदावर घटवता येतं, राहणीमान घटवायचं राहून जातं.

धडा सहावा: "ती पण कमावते की"

हा डाव हमखास टाळ्या घेतो. नीलमनगरच्या गल्लीत ती टॉवेलांना शिलाई मारते किंवा घरी विड्या वळते, म्हणजे तिच्या हातात पैसा आहे, म्हणजे आपला भार हलका, असा युक्तिवाद. आईबापांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे लेकराचा खर्च उचलावा, हे कोर्टही मानतं. तेव्हा तिची कमाई जरूर दाखवा. मात्र ती दाखवताना हजार विड्या वळायला किती तास बसावं लागतं, पानं-तंबाखू आणायला आणि वळलेला माल द्यायला किती हेलपाटे होतात आणि त्यातला किती माल खोटा ठरवून परत येतो, हे तिच्या वकिलाला सांगायला मिळेल, याची तयारी ठेवा. शिवाय सकाळचा डबा, शाळा, ताप आणि चष्मा हे तिच्याकडे आहेच. त्याची मजुरी मालावर धरायची का हजेरीवर, हे कोर्टाने विचारलं तर उत्तर तयार असू द्या.

धडा सातवा: खरोखरच कमाई घटली असेल तर

इथवर आल्यावर बाकावरची अर्धी मंडळी उठून गेलेली असतात. उरलेल्यांसाठी हा धडा आहे, आणि तो सरळ आहे.

परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागायचा हक्क कायद्याने दिला आहे. तो मागायला लाजायचं कारण नाही. पोटगीचा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली झाला असेल, तर बदल मागायचं कलम १२७ होतं. १ जुलै २०२४पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच १४४ आणि १४६ झालं. घटस्फोटाच्या हुकुमातच हिंदू विवाह कायद्याखाली मुलांची पोटगी ठरली असेल, तर कलम २६ खाली त्याच कोर्टात जायचं. हातात आदेशाची नक्कल घेऊन कलम आधी बघा, म्हणजे चुकीच्या रांगेत वर्ष जाणार नाही.

उशीर करू नका. पाळी बंद झाली त्या महिन्यात अर्ज टाकणाऱ्याचं कोर्ट ऐकून घेतं. दीड वर्ष हातावर हात धरून बसलेला आणि वॉरंट निघाल्यावर धावत आलेला माणूस तीच गोष्ट सांगतो, पण ती ऐकायला वेगळी लागते.

पुरावा तुमच्या नावाचा हवा. कारखाना बंद झाल्याची नोटीस, ईएसआयची वर्गणी कधी थांबली त्याचा उतारा, पीएफमधली शेवटची नोंद, आजार असेल तर दवाखान्याचे कागद, नवीन काम शोधल्याच्या खुणा आणि आताच्या कामाचा पगार. रोखीत मिळत असेल तर आजपासून तो दर आठवड्याला स्वतःच्या खात्यात भरा, म्हणजे सहा महिन्यांनी पासबुकच साक्ष देईल.

निकाल लागेपर्यंत जमेल तेवढं पाठवत राहा, बँकेतून, तारखेला. हातात दिलेल्या पैशाला साक्षीदार नसतो. पूर्ण नाही जमलं, तरी माणूस टाळतोय की खरंच अडलाय, हे त्या नोंदींवरून दिसतं.

वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ यातलं कलम १२ बघा. मोफत कायदेशीर मदत मिळणाऱ्यांच्या यादीत औद्योगिक कामगार आहे. म्हणजे एमआयडीसीतला माणूस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या दारात हक्काने जाऊ शकतो. दूरध्वनी १५१००. त्याच यादीत स्त्रिया आणि मुलंही आहेत, त्यामुळे तिकडेही फुकटचाच वकील असेल; बरोबरी आहे.

आणि आपसात ठरत असेल तर उत्तमच, पण शांती चौकात चहा पिऊन ठरलेलं टिकत नाही. समुपदेशकापुढे बसा, दोघांच्या सहीची पुरसीस (लेखी निवेदन) कोर्टात दाखल करा. रोख रक्कम थोडी कमी आणि शाळेची फी थेट बापाने भरायची, असा तोडगाही मांडता येतो. तो मांडण्यापूर्वी इयत्ता विचारून घ्या.

हाती काय लागेल? २०१७ साली कल्याण डे चौधरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याचं दुसरं लग्न आणि नवं मूल लक्षात घेऊन महिना २३ हजारांचे २० हजार केले. त्याआधी २०१५ साली शमीमा फारुकी यांच्या खटल्यात नवरा सैन्यातून निवृत्त झाला म्हणून उच्च न्यायालयाने ४ हजारांचे २ हजार केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ४ हजार करून दिले. दोन्ही खटले मुख्यतः बायकोच्या पोटगीचे होते, पण तराजू कसा हलतो ते त्यातून कळतं. तो हलतो, आडवा होत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पोरीला भेटू देत नाहीत. तोवर पैसे थांबवू का?*
नका. भेटीसाठी वेगळा अर्ज आहे, तो करा. पोटगी म्हणजे भेटीचं तिकीट नव्हे.

*दुसरं लग्न केलं तर रक्कम कमी होते ना?*
वर २३चे २० झालेले वाचलेत. महिना ३ हजार वाचवायला मी तुझ्याशी लग्न केलं, हे नव्या घरी सांगून बघा.

*फारकतीच्या वेळी तिने "मुलीसाठी काही नको" असं लिहून दिलं होतं.*
तिने स्वतःचं काय सोडायचं ते सोडलं असेल. लेकराचा हक्क आईला सोडून देता येत नाही.

*मुलगी १८ वर्षांची झाली की सुटलो?*
हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ प्रमाणे अविवाहित मुलीला स्वतःचं भागवता येत नसेल, तर बापाची जबाबदारी पुढेही राहते. फॉर्मवर सातवी लिहिलंय, त्यात भर घालत चला.

*पूर्वी पोटगी ५०० रुपयांवर भागायची म्हणतात. ते दिवस परत येतील का?*
केंद्राच्या कायद्यात तेवढीच कमाल मर्यादा होती, ती २००१ साली काढून टाकली. ५०० रुपयांत तेव्हाही भागत नव्हतं, फक्त ते आपल्याला कुणी सांगत नव्हतं.

*अर्ज मंजूर झाला, सहाचे चार झाले. आता पेढे वाटू का?*
वाटा, पण पाव किलोच आणा. परिस्थिती बदलली की रक्कम बदलते, हे कलम दोन्ही बाजूंनी चालतं. ऑर्डरी परत आल्या, रातपाळी सुरू झाली, ओव्हरटाइम मिळू लागला, की तिकडूनही एक अर्ज येईल. त्याला जोडलेला पुरावा बहुधा तुमच्याच स्टेटसवरचा असेल.